अंदर किती?

या सदरातले अनुभव मी हातात पेन्सिल घेऊन वाचते. "वेळ दिलेली नाही", "साक्षीदार एकच", "खिडकी उघडी होती का?" असे शेरे समासात लिहिण्याची मला सवय आहे. मी सहा वर्षे भद्रावतीच्या एका शाळेत गणित शिकवले आणि त्यानंतर निवृत्तीपर्यंत एका कोळसा खदानीच्या कार्यालयात संगणक सांभाळला. दोन्ही ठिकाणी पायऱ्या दाखवल्याशिवाय उत्तराला गुण मिळत नाहीत. अमानवीय म्हणवणाऱ्या कुठल्याही गोष्टीला मी आजवर एकही गुण दिलेला नाही. तेव्हा पुढे जे लिहिते आहे त्यात सगळ्या पायऱ्या क्रमाने देते... फक्त एक पायरी नाही. ती मला इतक्या वर्षांत सापडलेली नाही.

स्थळ : माजरीच्या परिसरातल्या एका भूमिगत खदानीचे कार्यालय. कंपनीचे नाव लिहीत नाही, त्याची गरजही नाही. काळ : २००३ च्या सुमाराचा उन्हाळा. वार रविवार. वेळ दुपारचे तीन वाजून सात मिनिटे. वेळेबद्दल मला तिळमात्र शंका नाही, कारण ती रजिस्टरमध्ये आहे.

आधी काम समजावून सांगते, म्हणजे पुढचे कळेल.

खदानीत उतरणारा प्रत्येक माणूस लॅम्प रूममधून डोक्यावरचा दिवा घेतो आणि बाहेर आल्यावर तो परत करतो. पूर्वी याचा हिशेब पितळी बिल्ल्यांवर चाले. बिल्ला खुंटीला टांगलेला असला म्हणजे माणूस खदानीत आहे. पुढे संगणक आला आणि बिल्ले एका पेटीत गेले. लॅम्प रूममधला बाबू माणसाचा नंबर दाबी, आणि पाळी सुटल्यावर माझे यंत्र एक कागद छापून देई : इतके गेले, इतके आले, एवढे बाकी. म्हणजे कोण जमिनीच्या पोटात आहे हे सांगणारा त्या खदानीत एकच कागद उरला होता, आणि तो माझ्या टेबलावरच्या यंत्रातून निघत होता.

हा प्रोग्राम पुण्याच्या एका लहानशा फर्मने लिहिला होता. त्यात काही बिघडले की पुण्याचा इंजिनिअर टेलिफोनच्या तारेवरून आमच्या यंत्रात येई. त्यासाठी माझ्या टेबलावर मॉडेम नावाची वहीएवढी पेटी होती. ती शिट्टी वाजवल्यासारखा आवाज करी, दिवे लुकलुकत, आणि मग तो माणूस पुण्यात कळ दाबी आणि अक्षर माजरीत उमटे. आज याचे कोणाला अप्रूप वाटणार नाही. तेव्हा साहेब लोक खुर्च्या ओढून बघायला बसत.

सोय मोठी होती आणि धोका तितकाच. मी नव्या लोकांना हे असे शिकवत असे : परगावच्या सुताराला आपण घराची किल्ली देतो. सुतार प्रामाणिक असेल. पण किल्ली घेऊन नक्की तोच आला आहे का, तो केव्हा आला, आणि तो आला तेव्हा घरात कोण होते, हे पाहणे घरमालकाचे काम आहे. सुताराचे नाही.

आमच्याकडे हे काम रामटेकेभाऊ करत.

रामटेकेभाऊ आमच्या टेलिफोन एक्सचेंजचे ऑपरेटर. जन्मापासून दृष्टी नव्हती. गाव गडचिरोली जिल्ह्यात, आरमोरीच्या पुढे. अंध मुलांच्या शाळेत शिकून, ऑपरेटरची परीक्षा पास होऊन नोकरीला लागलेले. कार्यालयातली सव्वाशे एक्स्टेन्शन त्यांना बोटांवर पाठ होती आणि एकदा ऐकलेला आवाज ते विसरत नसत. मॉडेमला बाहेरची स्वतंत्र लाईन नव्हती, म्हणून पुण्याचा प्रत्येक फोन आधी त्यांच्या कानातून जाई. त्यांनी स्वतःहून एक पद्धत बसवली होती. फोन आला की नाव विचारायचे, फोन ठेवून द्यायचा, आणि ब्रेलमध्ये टोचून ठेवलेल्या नंबरावर आपण उलटा फोन लावायचा. मग लॅम्प रूमला विचारायचे. मग मला. आणि मी हो म्हटले तरच लाईन.

पुण्याचा इंजिनिअर अमेय या पद्धतीला कंटाळत असे.

"अहो, रोज तोच तर मी बोलतोय," तो म्हणे.

"रोज तेच असान तं रोज सांगाले काय जाते तुमचं?" रामटेकेभाऊ म्हणत. "पूर्ण नाव सांगा, पाहुणे. बापाचंही."

एकदा त्यांनी मला इंटरकॉमवर सांगितले, "बाई, नाव बरोबर हाय, नंबर बरोबर हाय, पण मानूस दुसराच हाय. लाईन नाई देत मी." मी पुण्याला चौकशी केली. अमेय रजेवर होता, आणि एक नवा मुलगा वेळ वाचावा म्हणून त्याचेच नाव आणि त्याचाच पासवर्ड वापरत होता. फर्मच्या मालकांनी माफी मागितली. हे मी आज अभिमानाने लिहिते : मोठमोठ्या शहरांतल्या कार्यालयांना जे पुढे महागडी यंत्रे लावून साधावे लागले, ते आमच्या खदानीत एक माणूस कानांनी साधत होता.

आमच्या दोघांत वाद एकाच गोष्टीवर होता. शब्दावर.

लॅम्प रूमला फोन लावला की ते विचारत, "अंदर किती?" पलीकडून आत्रामभाऊ, म्हणजे लॅम्प रूमचे बाबू, आकडा सांगत, "अंदर चार" किंवा "अंदर कोनी नाई." मग तोच प्रश्न, तेच उत्तर ते मला ऐकवत आणि मी रजिस्टरच्या रकान्यात आकडा लिहीत असे. रकान्याचे शीर्षकही त्यांच्या आग्रहाने "अंदर" असेच होते. ते मला खुपत असे. मराठीत लिहायच्या रजिस्टरात हिंदी शब्द कशाला?

"भाऊ, 'खाली' लिहू या ना," मी एकदा म्हटले. "खदानीत माणूस खालीच असतो. आपला शब्द आहे."

"खाली दोन तोंडाचा शब्द हाय, बाई," ते म्हणाले. "अंदरले एकच तोंड हाय."

"म्हणजे काय?"

"आता तुम्ही मास्तरीन. तुमाले मी काय शिकवू?" आणि हसून त्यांनी दुसरी लाईन जोडली.

मीही हसले. विचार मात्र केला नाही.

त्या वर्षीच्या जानेवारीत रामटेकेभाऊ निवृत्त झाले आणि गावी गेले. त्यांच्या जागी ऑपरेटर आला नाही. भिंतीवर एक स्वयंचलित पेटी आली, आणि मॉडेमला स्वतंत्र थेट लाईन मिळाली. जुना बोर्ड उचलून भंगारात गेला. त्यांच्या बोर्डाशी जोडलेला एक करडा फोन तेवढा माझ्या टेबलावर राहिला, कारण तो न्यायला कोणाला सांगावे हेच कोणाला ठाऊक नव्हते. त्याची तार भिंतीपाशी कापून, वेटोळे करून, सुतळीने बांधून ठेवलेली होती. मीच बांधली होती. लोंबणारी वस्तू मला चालत नाही.

आता तपासणीचे सगळे काम माझ्याकडे आले. मी ते मन लावून केले. उलटा फोन, नाव, वेळ, कारण, लाईन कोणी दिली, कोणी बंद केली, असे सर्व रकाने आखून मी संगणकावर नवे पान तयार केले, छापून बांधून घेतले. आणि त्या नव्या पानावर "अंदर" खोडून "खाली" लिहिले. लॅम्प रूमलाही सूचना दिली की यापुढे हाच शब्द वापरावा. आत्रामभाऊंनी मान डोलावली. मला, खरे सांगते, शाळेतला फळा स्वच्छ पुसल्यासारखे समाधान वाटले होते.

आता तो रविवार.

रविवारी खदानीला साप्ताहिक सुटी असे. फक्त पाणी उपसणाऱ्या पंपांची देखभाल करणारी चार माणसे सकाळी आत जात आणि तीनच्या सुमारास बाहेर येत. पुढची दोन चार वाजता जात. मधला तासभर खदान रिकामी असे, आणि पुण्याला यादीच्या प्रोग्रामवर मोठे काम करायचे असले तर मी हाच तास देत असे. त्या दिवशीचे काम मोठे होते. यादीची फाईल जुनी होऊन अडखळू लागली होती, पण अजून चालत होती. अमेय जुनी फाईल काढून टाकून नवी बसवणार होता. नव्या फाईलमध्ये सगळी माणसे "बाहेर" अशी दाखल होणार होती. खदान रिकामी असेल तर यात काहीच चूक नाही. खदान रिकामी नसेल तर आत राहिलेला माणूस कागदावरून पुसला जाणार होता.

तीन वाजता मी पुण्याला उलटा फोन लावला. अमेयचाच आवाज होता, त्याने नाव सांगितले, न मागता वडिलांचेही सांगितले. मग मी लॅम्प रूमला फोन केला.

"आत्रामभाऊ, खाली किती?"

"खाली हाय, बाई," ते म्हणाले. पुढे काही म्हणणार होते की काय, ठाऊक नाही. मी "बरं" म्हणून फोन ठेवला होता.

रजिस्टरमध्ये "खाली" या रकान्यात मी शून्य लिहिले. मॉडेमचे बटन दाबले. शिट्टी झाली, दिवे लागले. पडद्यावर अमेयची अक्षरे उमटू लागली. तो जपून काम करी, आधी सगळे तपासून बघे. मी पडद्याकडे बघत, हात मांडीवर ठेवून बसले होते. खोलीत दुसरे कोणी नव्हते.

तीन वाजून सात मिनिटांनी टेबलावरचा करडा फोन वाजला.

वाचकहो, येथे मी स्वतःच समासात शेरा लिहिते : तार कापलेली होती. पण त्या क्षणी मला ते आठवलेसुद्धा नाही. चौदा वर्षे मॉडेम चालू असताना तो फोन वाजत आला होता, आणि हात सवयीने गेला.

"बाई," रामटेकेभाऊ म्हणाले, "अंदर किती?"

आवाज नेहमीचा. घाई नाही, काळजी नाही. मागे काही खरखर नाही.

"कोणी नाही, भाऊ," मी म्हणाले. "रजिस्टरमध्ये लिहिले आहे. खाली... शून्य."

"खाली मी नाई विचारलं. अंदर किती?"

"आत्रामभाऊंनी सांगितलं, खाली आहे म्हणून."

मग तोच प्रश्न, त्याच आवाजात, वर्गात उत्तर चुकल्यावर मी जसा पुन्हा विचारत असे तसा : "बाई... अंदर किती?"

मी करडा रिसीव्हर तसाच टेबलावर ठेवला आणि चालू फोनवरून लॅम्प रूमला लावले.

"आत्रामभाऊ, अंदर किती?"

"एक हाय ना, बाई," ते म्हणाले. "सांगतलं ना तुमाले मघाशी. खाली हाय म्हनून. पंपावरचा पोचू हाय. तिघं आले, तो येऊनच राह्यला असन."

मी मॉडेमची तार भिंतीतून उपटली. बटन दाबण्यात जेवढा वेळ जातो तेवढाही मला घालवायचा नव्हता.

नीट लिहायला हवे, कारण सगळा अनुभव या एका शब्दावर उभा आहे. आमच्या भागात "खाली" म्हणजे रिकामे. गाडी खाली, डबा खाली, खुर्ची खाली. आत्रामभाऊंच्या तोंडी तो शब्द जन्मभर त्याच अर्थाने आलेला. पण मी सूचना काढली होती, म्हणून त्यांनी माझ्यासाठी माझा शब्द माझ्या अर्थाने वापरला : माणूस खाली आहे, जमिनीखाली आहे. आणि मी, इथेच वाढलेली, घाईत ते त्यांच्या बोलीत ऐकले : खदान खाली आहे, रिकामी आहे. त्यांनी शिस्त पाळली. चूक माझ्या शुद्ध शब्दाने केली. दोन तोंडाचा शब्द म्हणजे काय, हे मला त्या मिनिटाला कळले.

करडा रिसीव्हर कानाला लावला तेव्हा त्यात काहीच नव्हते. बंद फोनमध्ये असते तसे.

लगेच अमेयचा फोन आला. "मॅडम, लाईन का कापलीत? शेवटची कमांड टाईप करून झाली होती. फक्त एंटर दाबायचं होतं."

"खदानीत माणूस आहे," मी म्हणाले.

त्याने नंतर मला सांगितले की तो उठून पाणी प्यायला गेला आणि बराच वेळ परत खुर्चीत बसला नाही.

आता पोचूभाऊ. साडेतीन वाजले तरी ते वर आले नाहीत. आत्रामभाऊंचा सूर तोवर बदलला होता. "बाई, हा मानूस कधी उशीर नाई करत. त्याची बायको गेटवर डबा घेऊन उभी असते." मी शिफ्टच्या साहेबांना फोन केला आणि यादीचा कागद छापून हाती दिला : गेले चार, आले तीन, बाकी एक. कागद हातात असला की साहेबाला विचार करावा लागत नाही. चौघे जण लगेच उतरले.

पोचूभाऊ जुन्या, दूरच्या पंपाजवळ सापडले. पाईप घसरून पाय खाली अडकला होता. शुद्धीवर होते, पाणी घोट्यापर्यंत चढले होते, आणि डोक्यावरचा दिवा पिवळा पडत चालला होता. पाच वाजता त्यांना वर आणले. पाय मोडला होता, तो पुढे नीट जुळला. वर आल्यावर ते पहिले वाक्य बायकोशी बोलले, "डबा थंडा झाला असन ना आता." आणि तिने त्यांना सगळ्यांसमोर चांगलेच फैलावर घेतले.

मी हिशेब मांडून पाहिला, कारण मला तो मांडल्याशिवाय राहवत नाही. चार वाजता आत जाणाऱ्या दोन माणसांचे काम जवळच्या पंपांवर होते. जुन्या पंपाकडे सोमवारी सकाळपर्यंत कोणी जाणार नव्हते. आत्रामभाऊंची ड्यूटी चारला संपत होती, आणि त्यांच्या जागी येणारा माझ्या कागदावर विसंबणार होता. त्या कागदावर शून्य असते. गेटवर त्यांची बायको होती, तिने विचारले असते, हे खरे. पण संगणकाचा कागद हातात धरलेल्या बाबूने तिला काय सांगितले असते? "खदान खाली हाय, जा घरी."

पंधरवड्याने मी रजा काढून रामटेकेभाऊंच्या गावी गेले. चंद्रपूरहून एस.टी.ने आरमोरी आणि तिथून पुढे जीपने. मनात दोन शक्यता धरल्या होत्या. एक, त्यांनी कुठून तरी फोन केला आणि नव्या पेटीच्या तारांची काही गफलत झाली. दोन, माझ्या मनाला चूक जाणवली होती आणि मनानेच त्यांचा आवाज उभा केला. दुसरी शक्यता मला जास्त पटत होती. फोनच्या मिस्त्रीकडून तपासून घेतले होते : तार कापलेली, टोकाला माझी सुतळी जशीच्या तशी.

गावात टेलिफोनचा खांबही नव्हता. पहिली शक्यता मी जीपमधून उतरतानाच खोडली.

रामटेकेभाऊ घरापुढच्या मांडवात बाजेवर बसले होते. समोर तलाव, बांधावर जाळी वाळत घातलेली. मी अजून "जयभीम, भाऊ" एवढेच म्हणाले होते. त्यांनी चेहरा माझ्याकडे वळवला.

"या बाई. बाहेर आला का तो?"

मी उभीच राहिले. "कोण, भाऊ?"

"कोन ते मले काय मालूम? तुम्ही नाव नाई सांगतलं. एक जन होता ना अंदर."

त्यांच्या पत्नी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. "बसा ना बाई," त्या म्हणाल्या. "याइच्याकडं लक्ष नका देऊ. नोकरी सुटली पन ड्यूटी नाई सुटली. रोज तीन वाजले का विचारतेत, अंदर किती. मी म्हनते, मी अन् सात कोंबड्या."

"रोज?" मी विचारले.

"रेडिओवर तीनच्या बातम्या लागतेत ना, त्या आइकल्या का विचारतेत. मी घरी नसली तं कोंबड्यांइले विचारतेत."

रामटेकेभाऊ हसले. मग म्हणाले, "त्या रविवारी हे घरी नव्हती. तलावावर गेली होती. मी आपलं विचारलं, सवयीनं. अन् तुम्ही बोलल्या."

"मी?"

"तुम्ही. म्हनाल्या, रजिस्टरमधी लिवलं हाय, खाली शून्य."

हे वाक्य मी कोणालाही सांगितले नव्हते. साहेबांना नाही, आत्रामभाऊंना नाही, घरीही नाही. रजिस्टरमध्ये शब्द बदलल्याचे त्यांना कळवले नव्हते, कारण मला थोडी लाज वाटली असती.

"भाऊ, स्वप्न पडले असेल," मी म्हणाले. मला ते तसे असायला हवे होते.

"आंधळ्याले सपन पडते ते आवाजाचंच पडते, बाई. हे खरं हाय. पन सपनातला आवाज अन् लाईनीवरचा आवाज येगळा असते. तुमचा लाईनीवरचा होता."

"पण तुम्ही तीनदा विचारलंत. का?"

"तुम्ही शून्य म्हनत होत्या, पन आवाज शून्याचा नव्हता. मनात शंका असली का मानूस आकड्याच्या आधी जरासा थांबते. तुम्ही थांबल्या. खाली... शून्य." त्यांनी माझी नक्कल केली. अगदी बरोबर केली. "म्हनून लाईन नाई देली मी."

मी पोचूभाऊंची हकिगत सांगितली. ते मान खाली घालून ऐकत राहिले. डबा थंड झाल्याचे ऐकून त्यांच्या पत्नी हसल्या, आणि मग पदराने डोळे पुसत आत गेल्या.

"भाऊ," मी शेवटी विचारले, "तो नक्की माझाच आवाज होता?"

"चौदा वर्षं मी आवाज ओळखून लाईन देली, बाई," ते म्हणाले. "कधी चुकलो का? तुमच्या रजिस्टरात पाहा."

मी रजिस्टर पाहिलेले होते. ते एकदाही चुकले नव्हते.

याला स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. माझ्या मनाने आवाज उभा केला म्हणावे, तर माझे वाक्य आरमोरीच्या पुढे कसे पोहोचले? योगायोग म्हणावा, तर शब्दाला शब्द कसा जुळला? मी विज्ञान शिकलेल्या चार जणांना विचारले. तिघांनी मला विश्रांती घ्यायला सांगितले आणि चौथ्याने पुन्हा पुन्हा सुतळीबद्दल विचारले.

जे माझ्या हातात होते ते मी केले. रजिस्टरची उरलेली सगळी कोरी पाने रद्द केली आणि नवी छापली. बाहेरच्या फर्मला लाईन देण्याची आमची पद्धत पुढे आसपासच्या खदानींनीही उचलली, आणि प्रत्येक पानावर पहिला प्रश्न आहे "अंदर किती?" एका अधिकाऱ्यांनी बैठकीत सुचवले की शुद्ध मराठीत "आत" करावे. मी उभी राहिले आणि म्हणाले की मी मराठी शाळेतली शिक्षिका होते, आणि हा शब्द बदलता येणार नाही. पुन्हा कोणी विषय काढला नाही. पोचूभाऊ निवृत्त होईपर्यंत दर दिवाळीला आत्रामभाऊंबरोबर माझ्या खोलीत येत आणि दारातूनच विचारत, "अंदर किती, बाई?" आम्ही तिघेही हसत असू.

एक शेवटची नोंद. त्या रविवारच्या ओळीत एक रकाना भरायचा राहिला होता : "लाईन कोणी बंद केली." हात माझा होता, पण मी बराच वेळ पेन धरून बसले. वर्षअखेरीस तपासणीला आलेल्या साहेबांनी त्या ओळीवर बोट ठेवून विचारले, "बाई, हे रामटेके तर जानेवारीत निवृत्त झाले ना? ही नोंद चुकली आहे."

"नाही सर," मी म्हणाले. "माझ्या रजिस्टरमध्ये चुकीची नोंद एकच होती, त्याच ओळीत, 'खाली'च्या रकान्यात. ती मी शून्य खोडून दुरुस्त केली आहे."